जमिनीत पाहणाऱ्या रडारसाठी हाय-व्होल्टेज पल्सर

पुरलेले पाइप, केबल शोधणाऱ्या रडारच्या ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या अँटेनाला एक-दोन नॅनोसेकंदांची पल्स लागते. त्यासाठी अ‍ॅव्हेलांच ट्रान्झिस्टर उत्तम: ब्रेकडाउनच्या काठावर ठेवलेला हा ट्रान्झिस्टर ट्रिगर मिळताच झटक्यात चालू होतो. याच कामासाठी बनवलेला एफएमएमटी४१५ घ्या. त्याची कलेक्टर-बेस मर्यादा २६० व्होल्ट आहे.

सप्लायपासून कलेक्टरपर्यंत १०० किलोओम, कलेक्टरपासून ४७ पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्यापुढे अँटेना. एमिटर थेट ग्राउंडला, बेस-एमिटरमध्ये ४७ ओम. ट्रिगर १ नॅनोफॅरडमधून बेसला द्या. पल्स ऋण येते. १०० किलोओमसाठी ०८०५ आकाराचा एकच रेझिस्टर लावू नका, त्याची मर्यादा साधारण १५० व्होल्टच असते. ३३ किलोओमचे, १२०६ आकाराचे तीन ओळीने (सिरीजमध्ये) लावा. कपॅसिटर ५०० व्होल्टचा, एनपीओ या स्थिर सिरॅमिक प्रकारचा हवा. एक्स७आर या दुसऱ्या सिरॅमिक प्रकाराची कपॅसिटन्स व्होल्टेज चढलं की घसरते आणि पल्स खुजी होते.

बो-टाय (दोन त्रिकोणी पंखांची) अँटेना डीसीला उघडी असते, हे बरेचदा विसरलं जातं. मग कपॅसिटरला पुन्हा चार्ज व्हायला वाटच राहत नाही: पहिली पल्स येते, नंतर शुकशुकाट. आउटपुटपासून ग्राउंडला १ किलोओम जोडला की काम होतं.

व्होल्टेज मिळवणं सोपं आहे, खरी परीक्षा बोर्डाच्या मांडणीची. कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, ग्राउंड आणि आउटपुट हा लूप शक्य तितका आखूड ठेवा. १० मिलिमीटर तारेत सुमारे १० नॅनोहेन्री असतात. २ अँपिअर एका नॅनोसेकंदात चढले की त्या एवढ्याशा तारेवर २० व्होल्ट पडतात.

ट्रिगर न देता सप्लाय १८० व्होल्टपासून हळूहळू चढवा. एका ठिकाणी ट्रान्झिस्टर आपोआप फायर होऊ लागेल. तिथून १०-१५ व्होल्ट खाली या. प्रत्येक नगाचा हा बिंदू वेगळा असतो आणि तापमानानेही सरकतो, म्हणून दुसऱ्या बोर्डाचा आकडा उचलू नका. कलेक्टरला प्रोब लावूही नका, त्याचे १०-१५ पिकोफॅरड पल्सच बदलतात. अँटेना काढून आउटपुट ४० डीबीच्या ५० ओम अटेन्युएटरमधून (सिग्नल क्षीण करणाऱ्या जोडणीतून) ऑसिलोस्कोपच्या ५० ओम इनपुटला द्या. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपचा स्वतःचा राइज टाइमच ३.५ नॅनोसेकंद असतो. तो इथे निरुपयोगी.

पल्स देण्याचा वेग २० किलोहर्ट्झपर्यंत निभावतो. चार्जिंगचा टाइम कॉन्स्टंट ४.७ मायक्रोसेकंद, पल्समधलं अंतर ५० मायक्रोसेकंद.

आता अँटेना. बो-टायचे दोन्ही पंख मिळून ३० सेंटिमीटर, मध्ये १:४ बालुन, म्हणजे एका बाजूने ग्राउंड असलेलं आउटपुट दोन्ही पंखांना जोडणारा ट्रान्सफॉर्मर. टोकाला आदळलेली लाट परत येते, घंटेसारखी घुमत राहते आणि उथळ पाइपचा प्रतिध्वनी त्यात बुडतो. पंखांना आडव्या फटी पाडून त्यांवर टोकाकडे वाढत जाणारे रेझिस्टर टाका; सुरुवात ४७, १००, २२० ओमने करा. ताकद घटते, पण खोलीचं चित्र स्वच्छ मिळतं, आणि हा सौदा नेहमी करण्यासारखा आहे.

अँटेना जमिनीला टेकवूनच चालू करा, आधी डब्ल्यूपीसीचे (भारतात रेडिओ लहरींचे परवाने देणाऱ्या सरकारी विभागाचे) नियम पाहा. ४७ पिकोफॅरडचा धक्का किरकोळ, सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरचा नाही: तो ०.१ मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका आणि त्यावर १ मेगओमचा ब्लीडर (सप्लाय बंद झाल्यावर चार्ज काढून टाकणारा रेझिस्टर) कायम जोडलेला ठेवा.