कोल्हापुरात बांधा, खाडीत टाका: खाऱ्या पाण्यातल्या फ्लाय फिशिंगची तयारी

कोल्हापुरातून खारं पाणी गाठायचं तर घाट उतरावा लागतो. फोंडा घाटाने मालवण-देवगड, करूळने विजयदुर्ग, आंबा घाटाने रत्नागिरी. कुठेही गेलं तरी सव्वाशे-दीडशे किलोमीटर. म्हणजे महिन्याला फार तर एक-दोन फेऱ्या. नवखा माणूस त्या फेरीतच कास्टिंग, म्हणजे दोरा फेकणं, शिकायला बघतो, गाठीही तिथेच शिकायला बघतो, आणि ओहोटीचे कामाचे दोन तास गुंता सोडवण्यात जातात. हे सगळं घाटावर, घरी आणि मैदानावर उरकून खाली उतरायचं असतं.

साध्या गळात किंवा स्पिनिंगमध्ये आमिषाचं वजन दोरा ओढून नेतं. फ्लाय म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेलं नकली आमिष; त्याला स्वतःचं वजन जवळजवळ नसतं. इथे जड दोरा फेकतात आणि फ्लाय त्याच्या मागून जातो. म्हणून पहिला खर्च दोऱ्यावर करा, नंतर रॉडवर, सगळ्यात शेवटी रीलवर. दुकानदार नेमकं उलटं सांगतो, कारण रील चकाकते.

सुरुवातीला ९ फुटी, ८ वेटचा रॉड पुरतो (वेट म्हणजे दोऱ्याच्या वजनाचा क्रमांक; रॉड आणि दोरा एकाच वेटचे घेतात). खाडीतली तांबोशी, मध्यम जिताडा, लहान ट्रेव्हली आणि क्वीनफिश याला झेपतात. खडकावरून मोठ्या माशांच्या मागे लागायचं असेल तर १० वेट घ्या, पण तो दिवसभर फेकायला खांदा तयार लागतो. दोरा वेट-फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या भागात जड, आणि उष्ण हवामानासाठी बनवलेला हवा. थंड पाण्याचा, ट्राउटसाठीचा दोरा मालवणच्या उन्हात मऊ पडतो, चिकटतो आणि रॉडच्या कड्यांतून सरकेनासा होतो. स्वस्तात मिळालेल्या दोऱ्याच्या खोक्यावरचा आकडा खरा असेलच असं नाही. त्याचे पुढचे ३० फूट वजन करून बघा. ८ वेटचं प्रमाण वजन १३.६ ग्रॅम, ५ वेटचं ९.१ ग्रॅम. गुजरीत सोनाराच्या काट्यावर हे दोन मिनिटांत कळतं. समुद्रासाठीचे बरेच दोरे मुद्दाम थोडे जड असतात, त्यामुळे १४-१५ ग्रॅम भरले तर घाबरू नका. ११ भरले तर तो ८ वेटचा दोरा नाही, आणि तुमच्या हातात काही खोट नाही.

रीलवर आधी २० किंवा ३० पौंडी (तेवढा ताण पेलणारं) डेक्रॉनचं बॅकिंग, म्हणजे मुख्य दोऱ्यामागचा राखीव बारीक दोरा, साधारण १५०-२०० मीटर. दोऱ्यापुढे ९ फुटांचा लीडर, म्हणजे दोरा आणि फ्लाय जोडणारी, टोकाकडे बारीक होत जाणारी पारदर्शक तंगूस, घरीच बांधा: ५० पौंडी साडेचार फूट, ३० पौंडी अडीच फूट, २० पौंडी दोन फूट. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, म्हणून त्याच्यासाठी शेवटी ४० पौंडी फ्लुओरोकार्बनचा फूटभर तुकडा जोडा. सुरमईला तो पुरत नाही, तिथे बारीक तारच लागते. ओली न करता आवळलेली गाठ घर्षणाने तापते आणि दोरा तिथेच कमजोर होतो. प्रत्येक गाठ थुंकी लावून, सावकाश ओढून बसवा आणि हाताने जोर लावून तपासा.

मैदानावर

सरावाला गवताचं मैदान हवं. डांबर आणि मुरूम दोऱ्याचं आवरण खरवडतात. रंकाळ्याच्या काठावर सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि मागे जाणारा दोरा दिसत नाही, तेव्हा ती जागा सोडाच. कळंब्यासारख्या तलावावर जायचं असेल तर आधी विचारा. तलावांच्या मासेमारीचे ठेके दिलेले असतात. टोकाला गळाऐवजी भडक लोकरीचा गोंडा बांधा.

१५ मीटरवर ठेवलेल्या घमेल्यात दहापैकी सहा-सात वेळा गोंडा पडला की खाडीपुरती तयारी झाली. २५ मीटरची हाव सोडा. बहुतेक मासे कांदळवनाच्या कडेला, अगदी जवळ लागतात. मागचा कास्ट पूर्ण उलगडेपर्यंत थांबणं ही पहिली अडचण; मान वळवून दोरा बघा, बिनधास्त बघा. पुढे नेताना हात एकदम झटकला की दोऱ्याचा फास स्वतःलाच छेदतो आणि टिपेटवर, म्हणजे लीडरच्या शेवटच्या बारीक तुकड्यावर, छोटी गाठ पडते. त्या गाठीमुळे टिपेटची ताकद निम्म्यावर येऊ शकते. ती सोडवत बसू नका, तुकडा बदला.

यानंतर डबल हॉल शिकायचा. मागच्या आणि पुढच्या, दोन्ही फेकींत डाव्या हाताने दोऱ्याला झटका देऊन वेग वाढवायचा. समुद्रावर दुपारकडे वारा चढतो, तो कापायला हे हवंच. उजव्या हाताच्या माणसाला वारा उजवीकडून असेल तर फ्लाय थेट कानाकडे येतो. तेव्हा पाण्याकडे पाठ करून उभं राहा आणि मागच्या कास्टनेच फ्लाय सोडा. टोपी आणि चष्मा मैदानावरही घाला.

व्हाइसवर

आता मुख्य काम: फ्लाय बांधणं. एक व्हाइस (गळ धरणारा शिकंजा), एक बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारी नळी), अणकुचीदार कात्री, दाभण, शेवटची गाठ मारायचं व्हिप फिनिशरचं हत्यार, २१० डेनियरचा दोरा आणि यूव्ही रेझिन (अतिनील उजेडात घट्ट होणारा डिंक) एवढ्यावर सुरुवात होते. शिवणाचा सुती दोरा वापरू नका. तो जाड बसतो, पाणी पितो आणि आवळताना तुटतो.

पहिले दोन महिने दोनच फ्लाय बांधा: क्लाउझर आणि डिसीव्हर. बॉब क्लाउझर यांनी पहिला बांधला तो पेनसिल्व्हानियातल्या सस्क्वेहाना नदीतल्या गोड्या पाण्यातल्या बास माशासाठी. आज तो जगभरच्या खाऱ्या पाण्यात चालतो. लेफ्टी क्रे यांच्या डिसीव्हरवर तर अमेरिकेने १९९१ मध्ये टपाल तिकीट काढलं.

क्लाउझरसाठी १/० नंबरचा स्टेनलेस गळ घ्या; मुस्टाड कंपनीचा ३४००७ चालतो. पक्कडीने उलटा काटा आधीच दाबून टाका. गळ कच्चा असेल तर तो इथेच तुटतो, फ्लाय बांधून झाल्यावर तुटला तर अर्धा तास गेला. नेढ्यामागून दांडीच्या निम्म्यापर्यंत दोऱ्याचे दाट वेढे द्या. नेढ्यापासून दांडीच्या एक तृतीयांशावर डंबेलचे डोळे (मधल्या मानेने जोडलेल्या धातूच्या दोन गोळ्या) ठेवा, दांडीच्या वरच्या अंगाला. वजन वर असल्यामुळे पाण्यात फ्लाय उलटा होतो, टोक आकाशाकडे राहतं आणि तळातल्या कालवांत, दगडांत कमी अडकतं. डोळ्यांवरून तिरके १०-१२ वेढे एका बाजूने, तेवढेच दुसऱ्या बाजूने, मग डोळ्यांखालून पण दांडीच्या वरून आडवे सात-आठ वेढे. हे आडवे वेढेच आधीचे सगळे आवळतात, आणि नवखे नेमके तेच विसरतात. वर फेव्हिक्विकचा एक थेंब टाका आणि वाळू द्या. बोटाने ढकलून डोळे फिरले तर उसवून पुन्हा बांधा. फिरलेल्या डोळ्यांचा फ्लाय पाण्यात गिरकी घेतो आणि लीडरला पीळ पाडतो.

आता हरणाच्या शेपटीचे पांढरे केस. काड्यापेटीतल्या काडीच्या जाडीएवढा झुबका, लांबी दांडीच्या अडीचपट. डोळ्यांच्या पुढे बांधा, डोळ्यांमधल्या खाचेतून मागे ओढा आणि मागे तीन-चार हलक्या वेढ्यांनी बसवा. गळ व्हाइसमध्ये उलटा करा. डोळ्यांच्या पुढे सहा ते दहा चमकीच्या तारा, त्यावर हिरवट-पिवळ्या किंवा राखाडी केसांचा तेवढाच झुबका. डोकं निमुळतं करा, व्हिप फिनिश द्या, रेझिन लावा. रेझिन कोल्हापूरच्या दुपारच्या उन्हातही घट्ट होतं, म्हणून बाटली खिडकीत उघडी ठेवू नका.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, नेढ्याजवळ जागाच उरत नाही, मग रेझिन नेढ्यात जाऊन लीडर ओवता येत नाही. पहिल्या वेढ्यापासूनच नेढ्यामागे दोन मिलिमीटर मोकळे सोडा. दुसरं, केस फार होतात. टेबलावर भरगच्च दिसणारा फ्लाय पाण्यात बुडत नाही आणि हवेत रॉडला जड होतो. उजेडाकडे धरला तर आरपार दिसायला हवं. शंका आली की अर्धे केस काढा.

डिसीव्हरमध्ये कोंबड्याची सहा ते आठ लांब पिसं दांडीच्या मागच्या टोकाला बांधतात, तीन-चार डावीकडे, तेवढीच उजवीकडे, पोकळ बाजू आत. पुढे केसांची कॉलर अशी की केस गळाच्या बाकाच्या मागे पोचतील. ही कॉलरच पिसांना बाकाभोवती गुंडाळू देत नाही. ती आखूड ठेवली की निम्मे कास्ट फुकट.

माल गावातच

हरणाच्या शेपटीचे आयात केलेले केस महाग पडतात आणि नेहमी मिळत नाहीत. मटणाचा तोटा नसलेल्या या गावात बोकडाची शेपटी खाटकाकडे मागितली की मिळते. साबणाने धुऊन, चामड्याच्या बाजूने मीठ आणि टाकणखार चोळून आठवडाभर सावलीत वाळवा. नीट वाळली नाही तर कसर लागते आणि बाकीच्या मालालाही लावते. बोकडाचा केस हरणाच्या केसापेक्षा मऊ, म्हणून लांबी दांडीच्या दुपटीवर नेऊ नका, नाहीतर तो गळाला गुंडाळतो. याहून लांब फ्लायला महाद्वार रोडवर मिळणारं कृत्रिम केसांचं गंगावन घ्या. ते पाणी धरत नाही, हवेत हलकं राहतं. बारीक फणीने विंचरून थोडं थोडं लावा आणि टोकं सरळ न कापता कात्री तिरकी धरून निमुळती करा.

पिसांसाठी गावठी कोंबडाच हवा. ब्रॉयलर सहाएक आठवड्यांतच कापला जातो, त्याला लांब पिसं यायच्या आतच. उकळत्या पाण्यात बुडवण्याआधीच मानेची आणि पाठीची पिसं मागून घ्या. चितळ-सांबराचे केस आणि रानकोंबड्याची पिसं मात्र राधानगरी-दाजीपूरकडे पडलेली दिसली तरी उचलू नका. ते प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात.

डोळ्यांसाठी उद्यमनगर आहे. लेथवर पितळी सळीतून डंबेल कातून मिळतात. ४ मिमीच्या दोन गोळ्यांचं वजन सुमारे ०.५७ ग्रॅम, ५ मिमीच्या दोहोंचं सुमारे १.१ ग्रॅम. मधली मान दीड-दोन मिमी जाड आणि कडा गुळगुळीत करून घ्या, धारदार कड दोरा कापते. उथळ खाडीला ४ मिमी, वाहत्या मुखाशी ५ मिमी. गुडघाभर पाण्यात हेही जड वाटलं तर बेसिनच्या बुचाची मण्यांची साखळी पक्कडीने दोन-दोन मण्यांत तोडा.

घाट उतरल्यावर

दिवस पंचांग बघून निवडा. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची ढोबळ वेळ निघते. मालवण-देवगडकडे भरती त्याच्या थोडी आधी येते. चतुर्थीला हिशेब तीनचा, म्हणजे पहाटे भरती आणि नऊच्या आसपास किंवा जरा आधी सुकती. ओहोटीचे शेवटचे दोन तास सकाळच्या कोवळ्या उजेडात आणि वारा चढायच्या आत मिळतात. शिवाय पौर्णिमा-अमावास्येचं उधाण पुरतं ओसरलेलं नसतं, पाण्याला ओढ असते. अष्टमीच्या भांगाला पाणी सुस्त, मासाही सुस्त. नेमकी वेळ जवळच्या बंदराच्या तक्त्यावरून घ्या.

ओहोटीला कांदळवनातले ओहोळ खाडीत उतरतात तिथे कोळंबी आणि शेवट्यांची पिल्लं वाहत येतात. जिताडा ओहोळाकडे तोंड करून तिथेच थांबतो. फ्लाय ओहोळाच्या वरच्या अंगाला टाका आणि वाहत येऊ द्या. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरपर्यंत पाणी गढूळ असतं, तेव्हा काळा किंवा जांभळा. निवळलं की पांढरा-हिरवट आणि थोडा लहान. फ्लायची लांबी त्या दिवशी पाण्यात दिसणाऱ्या पिल्लांएवढी ठेवा. रंगापेक्षा याचा फरक जास्त पडतो.

माशाने फ्लाय तोंडात घेतला की रॉड उचलायचा नाही. रॉडचं टोक पाण्याकडे, आणि डाव्या हाताने दोरा सरळ मागे खेचायचा. रॉड उचलला की फ्लाय तोंडातून निसटतो आणि माशाच्या टप्प्याबाहेर जातो. खेचून घेतलेला दोरा पायाखाली येतो, वाऱ्याने खडकाला अडकतो. कमरेला प्लास्टिकचा टब बांधून त्यात गोळा करा.

वाळूत चालताना पाय उचलू नका, घासत चला, म्हणजे पाकट आधीच सरकतं. शिंगाळ्याच्या काट्याला विष असतं, तो हातात न धरता पक्कडीने सोडवा. कालवांच्या खडकावर चप्पल चालत नाही, जाड तळव्याचे बूटच हवेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या भोवतीच्या पाण्यात दोरा टाकू नका.

परतल्यावर रील तिचा ड्रॅग, म्हणजे ब्रेक, आवळून गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवा, म्हणजे खारं पाणी आत जात नाही. वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. वापरलेले फ्लाय डबीत परत घालू नका. एकाच ओल्या फ्लायच्या मिठाने शेजारचे साधे पोलादी गळ एका रात्रीत गंजतात. धुऊन, सावलीत दोरीला टांगून, दुसऱ्या दिवशी डबीत.