संदर्भ शोधताना: नव्या सहायक प्राध्यापकांसाठी

"सर, माझ्या विषयावर काहीच सापडत नाही," हे वाक्य नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांकडून मी नेहमी ऐकतो. मी म्हणतो, एक चांगला शोधनिबंध तरी आणा. एक पुरतो. गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधण्याच्या संकेतस्थळावर त्याच्याखालच्या 'सायटेड बाय'वर गेलात, की त्याचा आधार घेऊन नंतर कोणी काय लिहिले ते दिसते. निबंधाची संदर्भसूची मागच्या कामाकडे नेते, ही वाट पुढच्या. शेजारचे 'ऑल व्हर्जन्स'ही उघडून पाहा. प्रकाशकाच्या पानावर पैसे मागणारा निबंध कधीकधी लेखकाच्याच विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत असतो.

इतिहास, मराठी, समाजशास्त्र या विषयांत मात्र नुसता शब्द टाकून शोधण्यालाही कसब लागते. महात्मा फुल्यांवर काम करायचे तर जोतीराव, ज्योतिराव, जोतिबा, ज्योतिबा ही सगळी रूपे, देवनागरीत आणि रोमन लिपीतही, टाकून पाहावी लागतात. शोधगंगेवर तर नक्कीच, कारण तिथले प्रबंध देशभरच्या विद्यापीठांनी आपापल्या पद्धतीने नोंदवलेले आहेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे हे भांडार. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करण्याचा नियम यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २००९ मध्ये केला, त्याचा आपल्याला केवढा उपयोग झाला आहे! पीएच.डी.चा विषय ठरवण्याआधी काही दिवस इथे घालवाच. या प्रबंधांतल्या संदर्भसूच्या मला प्रकरणांइतक्याच मोलाच्या वाटतात. जुनी मराठी नियतकालिके, गॅझेटियर, खासगी दप्तरे यांचा माग तिथे लागतो. स्कॉलरवर यातले फारच थोडे दिसते.

सशुल्क जर्नलांसाठी आधी ग्रंथपालांना भेटा. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून १ जानेवारी २०२५ पासून शासकीय उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. अनेक अनुदानित महाविद्यालये एन-लिस्टची, म्हणजे महाविद्यालयांना ऑनलाइन वाचनसाहित्य पुरवणाऱ्या योजनेची, सदस्य आहेत. लॉगिन आहे आणि कोणी वापरत नाही, अशी महाविद्यालये मी पाहिली आहेत, आणि त्याचे फार वाईट वाटते.

आता सर्वांत काळजीची गोष्ट. "आठ दिवसांत प्रकाशन, अमुक इतके शुल्क" असे बनावट जर्नलांचे मेल तुम्हाला येऊ लागतील. पदोन्नतीसाठी निबंध हवे असतात, त्यामुळे मोह होतो. पूर्वी यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी पाहून निर्णय घेता येत असे, ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. पारख आता आपल्यालाच करायची आहे. संपादक मंडळातल्या दोघा-तिघांची नावे त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोधा. मागचे दोन अंक वाचा. एकाच अंकात वनस्पतिशास्त्र, करकायदा आणि संतसाहित्य असेल तर तिथून परत फिरा. मुक्त प्रवेशाचे, म्हणजे सर्वांना मोफत वाचता येणारे, जर्नल असेल तर ते डीओएजे या अशा जर्नलांच्या पारखलेल्या सूचीत आहे का ते पाहा. पाच वर्षे राबून केलेले काम अशा ठिकाणी छापू नका, ते पुन्हा दुसरीकडे देता येत नाही.

चॅटजीपीटीने सुचवलेला संदर्भ डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाकून उघडल्याशिवाय आणि वाचल्याशिवाय घेऊ नका. अस्तित्वातच नसलेले निबंध तो खऱ्या लेखकांच्या नावावर देतो.

आणि एखादा निबंध कुठेच मिळाला नाही, तर सारांशाच्या पानावर बहुधा लेखकाचा ईमेल असतो. आपण कोण, कशावर काम करतो आणि तो निबंध कशासाठी हवा, हे चार ओळींत लिहून पाठवा. परदेशातले नामवंत प्राध्यापकसुद्धा प्रत पाठवतात, कधी सोबत आपला पुढचा, अजून न छापलेला मसुदाही.