दुसऱ्या विंडोतला डेटा हवाय? तोच ऑब्जेक्ट हाती द्या

समजा, नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या अडतीसाठी विंडोज फॉर्म्समध्ये (विंडोजवर खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम करायचं डॉटनेटचं साधन) बिलिंगचा प्रोग्रॅम करताय. बिलाच्या विंडोतून ‘शेतकरी निवडा’ उघडलं, नाव निवडलं, परत आलात तर रकाना रिकामाच! बहुतेक वेळा घोळ एकच असतो: नाव वाचताना पुन्हा ‘न्यू’ लिहून त्या फॉर्मचा दुसराच इन्स्टन्स, म्हणजे नवी कोरी प्रत, बनवलेला असतो. नाव निवडलं ते पडद्यावरच्या फॉर्ममध्ये; तुम्ही वाचताय कोऱ्यातून.

म्हणून ‘बिल’ नावाचा साधा क्लास, म्हणजे माहितीचा साचा, करा: शेतकरी, क्रेट, भाव, अडत. त्याचा ऑब्जेक्ट (त्या साच्यातून बनलेली वस्तू) मुख्य विंडोत एकदाच बनवा आणि दुसऱ्या फॉर्मच्या कन्स्ट्रक्टरमधून (फॉर्म तयार होताना चालणाऱ्या कोडमधून) आत द्या. क्लासच्या बाबतीत पाठवला जातो तो रेफरन्स, म्हणजे त्याच ऑब्जेक्टचा पत्ता, त्यामुळे तिकडे बदललेला भाव इकडेही बदललेलाच मिळतो. स्ट्रक्ट (क्लाससारखाच दुसरा प्रकार) मात्र वापरू नका. त्याची कॉपी जाते.

दुसरी विंडो ‘शोडायलॉग’ने (ती बंद होईपर्यंत मागची विंडो अडवून ठेवणारी पद्धत) उघडली असेल तर निकाल ‘ओके’ आला की मगच रकाने भरा. दोन्ही विंडो एकाच वेळी उघड्या ठेवायच्या असतील, तर ‘बिल’ क्लासला ‘आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड’ (किंमत बदलली की तसं कळवणारी सोय) लावून कंट्रोल बाइंड करा, म्हणजे पडद्यावरचे रकाने ऑब्जेक्टला जोडा, नाहीतर आकडा ऑब्जेक्टमध्ये बदलेल आणि पडद्यावर जुनाच दिसेल.

स्टॅटिक व्हेरिएबलचा (सगळ्या विंडोंना मिळून एकच असलेल्या जागेचा) सोपा रस्ता अनेकजण धरतात. तो टाळाच. सकाळच्या लिलावात दोन बिलं एकदम उघडली की एका शेतकऱ्याचे क्रेट दुसऱ्याच्या नावावर चढतात, आणि ते पैसे कुणाच्या तरी घामाचे असतात.