मतदार यादीतील नाव तपासावे कसे आणि आपली माहिती जपावी कशी

राज्यघटनेच्या कलम ३२४ नुसार संसद आणि विधानसभांच्या निवडणुका घेणे व त्यांच्या मतदार याद्या तयार करून घेणे ही भारत निवडणूक आयोगाची जबाबदारी आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, परंतु त्यासाठी विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय विभागली जाते. म्हणून विधानसभेच्या यादीत नाव नसेल, तर पालिकेच्या यादीतही ते सापडणार नाही.

भारत निवडणूक आयोगाच्या ‘व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन’ या संकेतस्थळावर मतदार ओळखपत्र क्रमांक टाकून नाव शोधावे आणि यादीचा भाग क्रमांक व अनुक्रमांक टिपून ठेवावा. इंटरनेट नसल्यास १९५० या क्रमांकावर किंवा आपल्या भागातील बीएलओंकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडे, विचारणा करावी. नवीन नोंदणीसाठी नमुना ६, तर दुरुस्ती किंवा पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा.

मतदार यादी हा कायद्यानेच सार्वजनिक दस्तऐवज आहे, हे नीट ध्यानात घ्यावे. प्रत्येक चौकटीत मतदाराचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्र क्रमांक छापलेला असतो. संकेतस्थळावरील प्रतीत छायाचित्र नसते, आणि ते नसणे माझ्या मते अत्यंत योग्य आहे. मोबाइल क्रमांक आणि आधार क्रमांक मात्र यादीत छापले जात नाहीत, म्हणून जपायचे ते हेच. नमुना ६ब भरून आधार क्रमांक देणे ऐच्छिक आहे आणि तो दिला नाही एवढ्या कारणावरून नाव वगळता येत नाही. प्रचारासाठी दारात आलेल्या किंवा फोन करणाऱ्या कोणालाही ओटीपी सांगू नये, तसेच ओळखपत्राचे छायाचित्र सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये.

सर्वांत जास्त सावधगिरी नमुना ७ बाबत हवी, कारण त्याच मतदारसंघातील दुसरा मतदार या नमुन्याद्वारे तुमचे नाव वगळण्याची मागणी करू शकतो. अशा वेळी मतदार नोंदणी अधिकाऱ्याने तुम्हाला म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. म्हणून नोटीस आल्यास ती बाजूला न ठेवता ठरलेल्या दिवशी राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन हजर राहावे. खोटे निवेदन देणाऱ्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निर्णय विरोधात गेल्यास आदेशापासून १५ दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि तेथेही दाद न मिळाल्यास त्यांच्या आदेशापासून ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील करता येते.