ए.ए.च्या मिटिंगला जाताय? चहा घेतल्याशिवाय निघू नका

दारू सोडतो म्हटलं की आपल्याकडे सल्ले फुकट मिळतात. माळ घाल. पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे. मी दोन्ही करून पाहिलं. शपथ नऊ दिवस टिकली आणि माळ देवघरातल्या खुंटीवर गेली. पण सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे ‘आधी थोडी कमी कर, मग जा मिटिंगला’. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेत, म्हणजे ए.ए.मध्ये, यायला अट एकच आहे: दारू सोडायची इच्छा. सुटलेली असण्याची अट नाही. फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. शेवटी वर्गणीचा डबा फिरतो, तो नव्या माणसाने सरळ पुढे सरकवला तरी चालतं.

सकाळी पहिला घोट घेईपर्यंत हात थरथरत असतील तर मात्र एकदम बंद करू नका. आधी डॉक्टर गाठा. झटके येतात, भास होतात, जीवही जाऊ शकतो. मिटिंगमध्ये याचं औषध मिळत नाही. आणि घरच्यांनो, भाजीत गुपचूप दारू सोडवायची गोळी मिसळायचा उद्योग करू नका. वर दारू पडली तर ती गोळी जिवावर बेतू शकते.

मिटिंग शोधणं सोपं आहे. ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर शहराप्रमाणे यादी असते. निघण्यापूर्वी वेळेची फोनवर खात्री करून घ्या. ते जमत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मुंबई-पुण्यात मराठीतून बोलणारे ग्रुप आहेत. पहिल्यांदा मराठीच निवडा, लाज मातृभाषेत लवकर सुटते. सोबत बायको किंवा भाऊ येणार असेल तर ‘ओपन’ मिटिंग आहे ना ते विचारा. ‘क्लोज’ मिटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते.

जागा म्हणजे बहुधा शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल. तास-दीड तास लोक आपापलं सांगतात, कोणी कोणाला मध्ये तोडत नाही. तुमची पाळी आली तर नाव सांगा आणि ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा. झालं.

आता जिथे मी चार महिने अडकलो ते सांगतो.

मी दर मंगळवारी मिटिंगला जायचो आणि दर शनिवारी प्यायचो. दहा मिनिटं उशिरा पोहोचायचो, दाराजवळची खुर्ची धरायचो, आणि शेवटची प्रार्थना चालू असतानाच चपला शोधायचो. आत बसून काय करायचो, तर हिशोब. याने बायकोचे दागिने विकले, मी नाही विकले. हा गटारात पडला, मी रिक्षाने घरी आलो. प्रत्येकाचं ऐकून माझीच दारू हलकी ठरायची. शनिवारी ग्लास भरायला ते पुरायचं.

एकदा पावसाने दारातच अडवलं. एका म्हाताऱ्या काकांनी चहाचा कागदी कप हातात दिला आणि विचारलं, ‘पहिला पेग घेतल्यावर थांबता येतं का?’ मी गप्प. ‘मग दागिन्यांचा हिशोब कशाला करतोस?’ मी असा हिशोब करतो हे त्यांना कसं कळलं, ते मी कधी विचारलं नाही. त्यांनी माझ्या फोनमध्ये स्वतःचा नंबर टाकून दिला.

म्हणून माझं ठाम मत: मिटिंगपेक्षा मिटिंगनंतरची दहा मिनिटं महत्त्वाची. चहा घ्या. किमान दोन नंबर घ्या, पुरुषांनी पुरुषांचे, बायकांनी बायकांचे. आणि इथेच बहुतेक जण चुकतात: नंबर ‘अडचण आली की लावू’ म्हणून ठेवून देतात. अडचणीच्या वेळी अनोळखी माणसाला फोन लागत नाही, बोट पुढेच जात नाही. दुसऱ्याच दिवशी लावा, काही कारण नसताना. ‘काका, घरी पोहोचलो’ एवढंच बोला. रोज लावा. लाजिरवाणं वाटतं, मला दोन आठवडे वाटलं. एकदा तर ‘सहज केला होता’ म्हणून मीच फोन ठेवला.

त्या वर्षी गटारीला चुलतभावाच्या गच्चीवर मटण शिजत होतं आणि तीन ग्लास मांडलेले होते. मी जिन्यात येऊन फोन लावला. सवयीने लागला. काका म्हणाले, ‘जेवलास का?’ नाही म्हटलं. ‘मग जेव आणि घरी जा. उद्याचं उद्या.’ रस्सा वाटीत घेऊन जिन्यातच जेवलो.

पहिला ग्रुप आवडला नाही तर ए.ए. आपल्यासाठी नाही असं ठरवू नका; वार बदला, जागा बदला, निदान पाच-सहा मिटिंगा करा. एखादा ग्रुप तुम्हाला कर्ज मागणाऱ्या किंवा डॉक्टरची गोळी बंद करायला सांगणाऱ्या माणसाभोवती फिरत असेल तर तिथून उठा. पिऊन गेलात तरी दार उघडंच असतं, फक्त त्या दिवशी गप्प बसा. घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या वेगळ्या मिटिंगा असतात, आणि पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालवला आहे. तुम्ही जात असाल-नसाल, त्यांना तिकडे जाऊ द्या. परत आल्यावर ‘माझ्याबद्दल काय बोललीस?’ एवढं मात्र विचारू नका.