गर्भपिशवीची सोनोग्राफी करायला जाताय? या चुका टाळा

सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसले की एक वाक्य रोज ऐकू येतं: "ताई, आता नाही हो धरवत, घ्या ना लवकर आत!" आणि शेजारच्याच खुर्चीवर नुकतीच लघवीला जाऊन आलेली दुसरी बाई पुन्हा पहिल्यापासून पाणी पीत बसलेली असते.

पोटावरून तपासणी असेल तर मूत्राशय भरलेलं लागतं, कारण आतड्यातल्या हवेतून ध्वनिलहरी पुढे जात नाहीत. भरलेलं मूत्राशय आतडी बाजूला सारतं आणि त्यातल्या पाण्यातून गर्भाशय स्वच्छ दिसतं. तासभर आधी लघवी करून घ्या, चार-पाच ग्लास साधं पाणी प्या आणि थांबा. दोन-दोन बाटल्या रिचवू नका. मूत्राशय फार तट्ट झालं की गर्भाशयच दाबलं जातं. मग डॉक्टर म्हणतात, "अर्धी लघवी करून या." म्हणायला काय जातंय!

आतून, म्हणजे योनीमार्गातून करायची असेल तर सगळं उलट: मूत्राशय रिकामं हवं. म्हणून नंबर लावतानाच कुठली सोनोग्राफी आहे ते विचारा. त्यात जाड बोटाएवढ्या प्रोबवर कंडोम आणि जेल लावून तो आत घालतात. दाब जाणवतो, सहसा दुखत नाही. दुखलंच तर सरळ "थांबा" म्हणा. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. शरीरसंबंध आले नसतील तर सहसा पोटावरूनच करतात. शरीरसंबंध आलेत का, हा प्रश्न आईच्या देखत विचारला तर कुठली मुलगी खरं सांगेल? आईला बाहेर बसवायला सांगा, त्यात गैर काही नाही.

उपाशी येण्याचीही गरज नाही. ते पूर्ण पोटाच्या सोनोग्राफीसाठी, पित्ताशय नीट दिसावं म्हणून. आमच्याकडे एक मधुमेही आजी इन्सुलिन घेऊन उपाशीच आल्या. बसल्या जागी घामाघूम झाल्या, साखरपाणी द्यावं लागलं.

मग पाळीची तारीख. "संकष्टीच्या आसपास आली होती बहुतेक" हे उत्तर मी लिहू कुठे? पाळी संपता संपता गर्भाशयाचं अस्तर ३-४ मिलिमीटर असतं, पुढची पाळी जवळ आली की १४-१५ पर्यंतही जातं. तारीख नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. पाळी कायमची गेल्यावर मात्र रक्त दिसलं आणि अस्तर ४ मिलिमीटरच्या वर निघालं, तर पुढची तपासणी टाळू नका. अस्तरात पॉलिप, म्हणजे छोटा मांसल कोंब, आहे का ते बघायचं असेल तर पाळी संपल्या संपल्या या.

गरोदर असाल तर ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा, एफ फॉर्म, म्हणजे गरोदरपणातल्या सोनोग्राफीची कायद्याने ठेवायची नोंद, भरावाच लागतो. मुलगा की मुलगी हे विचारूच नका. १९९४ च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे.

सगळ्यात मोठी चूक होते रिपोर्ट हातात पडल्यावर. 'बल्की युटरस' म्हणजे गर्भाशय थोडं मोठं; बाळंतपणं झालेल्या बाईचं तसं असू शकतं. 'रेट्रोव्हर्टेड' म्हणजे मागे झुकलेलं, आणि तसं पुष्कळ बायकांचं असतं. 'नेबोथियन सिस्ट' म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाशी असणारे साधे, बहुधा निरुपद्रवी फोड. पण घरी गेल्यावर याचं होतं "पिशवीला सूज", आणि कुणीतरी म्हणतं, काढूनच टाका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या अशा सर्रास काढल्याचं २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. त्यातल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. सोनोग्राफीत दिसतं ते माप आणि चित्र; ऑपरेशन करायचं की नाही हे त्रास किती, वय किती, गोळ्यांनी भागतं का, यावर ठरतं. पिशवी काढा म्हणाले तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि पुढच्या वेळी तो रिपोर्ट बरोबर आणा. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे जुनं माप बघितल्याशिवाय कसं कळणार? "आहे हो, घरी कपाटात आहे," असं सांगणाऱ्या रोज दोघी-तिघी तरी भेटतात.