मुलांना घेऊन नदीकाठी गरवायला जाताना

अमेरिकेतील अनेक राज्ये वर्षातून काही ठरावीक दिवशी परवान्याविना मासे गरवण्याची, म्हणजे गळाने पकडण्याची, मुभा देतात आणि त्यांतले बरेचसे दिवस जूनच्या सुरुवातीला येतात. ही सवलत फक्त परवान्यापुरती असते. कोणता मासा किती लांबीचा आणि किती संख्येने ठेवावा, याचे नियम त्या दिवशीही लागू राहतात. गोव्यातील कुटुंबांनी यातून सहलीची कल्पना घ्यावी, महिना मात्र घेऊ नये. १ जून ते ३१ जुलै या काळातील मासेमारीबंदी यांत्रिक होड्यांसाठी असली, तरी त्या दिवसांत नदीचा गढूळ ओघ आणि निसरडे काठ मुलांसाठी मुळीच योग्य नसतात. ऑक्टोबर उलटल्यावर निघावे आणि ठरवलेल्या जागेचे नियम मच्छीमार खात्याकडे आधी विचारून घ्यावेत.

सुट्टीचा वार पाहण्याआधी तिथी पाहावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची ओढ इतकी असते की दोरीला वजन म्हणून बांधलेले हलके शिसे तळाशी ठरत नाही; अष्टमीच्या सुमारास ती मंदावते. अष्टमी रविवारी येत नसेल, तर एखादा दिवस मागेपुढे चालतो. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढण्याची कोकणातील रीत अष्टमीला सहा वाजता भरती दाखवते. तो हिशेब ढोबळ आहे. मुंबईच्या मानाने गोव्याच्या किनाऱ्यावर भरती थोडी आधी येते आणि नदीत आत जावे तशी उशिरा पोहोचते, म्हणून मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. भरती पूर्ण होण्याआधीचे दीड-दोन तास पुरेसे आहेत. त्याहून अधिक वेळ लहान मूल एका जागी बसत नाही, आणि बसवूही नये.

जागा सपाट, उथळ आणि सावलीची हवी. पणजीजवळच्या रायबंदरच्या बांधावर गरवणारे नेहमी दिसतात, पण पाठीमागून सतत वाहने जात असल्याने ती जागा मुलांची नव्हे. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. खाजनातील, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीतील, मानशीजवळ (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराजवळ) पाण्याचा झोत अचानक वाढतो, शिवाय तेथील मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो. फेरीबोटीच्या धक्क्यावर बोट लागताना सर्वांनी दोऱ्या वर घ्याव्यात.

सुरुवातीला काठी नको. ती घेण्याची घाई फार तर दुकानदाराच्या उपयोगाची. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस (नायलॉनची दोरी), छोटे शिसे आणि बारीक गरी (गळ) एवढे सामान पुरते. गरीचा उलटा काटा पकडीने चेपून टाकावा. मग ती माशाच्या तोंडातून, आणि वेळ आलीच तर मुलाच्या बोटातूनही, सहज निघते. सुंगट (कोळंबी) सोलून नखाएवढा तुकडा करावा आणि तो गरीच्या वळणावरून असा सरकवावा की टोक जेमतेम झाकले जाईल, कारण मोठा तुकडा लावला की मासे तो कडेकडेने कुरतडून नेतात. काळुंद्र या माशासाठी घट्ट मळलेल्या कणकेची गोळी लावावी. शिसे तळाला टेकले की दोरी किंचित ताणून तर्जनीवर अलगद ठेवावी. हाताला गुंडाळू देऊ नये. बारीक टकटक होते तेव्हा मासा केवळ चाखत असतो, तेव्हा थांबावे. दोरी सलग ओढली गेली की मनगटानेच हलका हिसका द्यावा. मुले पहिल्याच टकटकीला दोरी ओढतात, त्यांना ती ओढू द्यावी.

दोरी भिरकावताना पाठीमागे कोणी नाही, हे प्रत्येक वेळी मोठ्यांनी पाहावे. वर आलेला मासा प्रथम मोठ्यांनीच हाताळावा. शेंगटी या मिशाळ माशाच्या पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांमागचे काटे विषारी असतात. काटा लागल्यास जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात धरावी आणि डॉक्टरांकडे जावे. पोट फुगवणारा केंड मासा गरीला लागला, तर तो पाण्यात सोडून द्यावा. त्याचे विष शिजवूनही जात नाही. लहान मासे ओल्या हातांनी परत सोडावेत आणि घरच्या जेवणाला लागतील तेवढेच बर्फात ठेवावेत. जो मासा ओळखता येत नाही, तो काठावरच्या जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय घरी नेऊ नये.